नौकाविहाराच्या तलावाचा बांध : काय तपासायचं, किती खर्च धरायचा

ऑगस्टमधली एक सकाळ. मुळशी तालुक्यात आम्ही चौदा कुटुंबांनी मिळून शेतघरांची जागा घेतली आहे. तिथल्या ओढ्यावर मातीचा जुना बांध आहे. बांधामागे अडीच एकर पाणी आणि त्यात दोन पायडलच्या होड्या. राखणदार चहाच्या वेळी आला आणि म्हणाला, “दादा, बांधाच्या खालच्या अंगाला पाय रुततोय. परवापतुर न्हवता रुतत.”

आम्ही खाली गेलो. बांधाच्या पायथ्याशी परातीएवढी जागा ओली होती आणि तिच्यातून करंगळीएवढी धार निघत होती. मी म्हणालो, पावसाचंच पाणी असेल. आमच्यातले एक जण पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास मागवला. कुदळीने छोटा खड्डा केला, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा बसवला, धार त्यातून वळवली आणि ग्लास भरून दगडावर ठेवला. “मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाणी येतंय म्हणून घाबरू नका. त्याच्याबरोबर माती येतेय का, तेवढं बघू या.”

अर्ध्या तासाने ग्लासाच्या तळाशी तपकिरी साय बसली होती. बोटाने चोळली तर पिठासारखी मऊ. ती बांधाच्या पोटातली माती होती.

त्या दिवसापासून पुढच्या सहा महिन्यांत आम्ही जे शिकलो, जे दर मागवले आणि जो पैसा मोजला, त्यावर हा लेख आहे. कृषी पर्यटन केंद्र, शेतघरांची सोसायटी, रिसॉर्ट, शाळेची शिबिराची जागा, कुठेही करमणुकीसाठी मातीच्या बांधामागे पाणी अडवलं असेल, तर हा हिशेब तुमच्या कामाचा आहे. एक गोष्ट आधीच सांगतो : पाणी साठवण्यावर पहिला रुपया खर्च करू नका, पाणी सुखरूप बाहेर जाण्यावर करा.

तुमच्या तलावात किती पाणी आहे?

“छोटासा तर बांध आहे,” असं आपण सगळेच म्हणतो. म्हणून आधी मोजा. आमचा बांध ओढ्याच्या पात्रात ६ मीटर उंच आणि १०० मीटर लांब आहे. तलाव भरला की पाण्याचा पृष्ठभाग सुमारे १ हेक्टर होतो. सरासरी खोली १.७ मीटर धरली तर साठा होतो १७,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी ७० लाख लिटर. दहा हजार लिटरचे १,७०० टँकर एका पाठोपाठ एक ओढ्यात ओतले, तर खालच्या वस्तीचं काय होईल? बांध फुटला तर हे सगळं पाणी काही मिनिटांत खाली जाऊ शकतं.

हा हिशेब झाला की ओढ्याच्या कडेने खाली चालत जा. पहिलं घर किती अंतरावर आहे, पूल कुठे आहे, शाळा, गोठा, पोल्ट्री कुठे आहे, ते लिहून काढा. बांध बांधला तेव्हा खाली रान असेल. आज तिथे वस्ती असू शकते. धोका बांधाच्या उंचीइतकाच खाली कोण राहतं यावरही ठरतो.

कायदा काय म्हणतो?

२०२१ चा धरण सुरक्षितता कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटी पूर्ण करत असतील तरच त्यात येतात. आपले पाच-सात मीटरचे बांध त्याबाहेर राहतात. म्हणजे सरकारी तपासणी पथक आपणहून तुमच्या दारात येणार नाही. तपासणीची जबाबदारी सर्वस्वी मालकाची आहे.

नुकसान झालं तर मात्र जबाबदारी टळत नाही. आपल्या जमिनीवर धोकादायक गोष्ट साठवली आणि ती निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावी लागते. हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ साली ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात पक्कं झालं आणि तो खटलाच मुळी एका गिरणीच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरल्याचा होता. पुढे १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराला यातून सूट दिली, कारण त्याचे तलाव रयतेच्या शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले होते. होड्या फिरवायच्या तलावाला तशी ढाल मिळेल, असं धरून चालू नका.

दोन कागद आजच शोधा. पहिला, ओढा अडवल्याची परवानगी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खासगी मालकी सिद्ध नसलेले नदी-नाले शासनाचे असतात. जागा विकत घेताना बांध आयता मिळाला असेल, तर तहसील कार्यालयात चौकशी करा. दुसरा कागद विम्याचा. सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत पूर आणि साठवलेलं पाणी वगळलेलं आहे का, हे लेखी विचारा. तोंडी “सगळं कव्हर आहे” यावर विसंबू नका.

करमणुकीचे तलाव का फुटतात?

शेतीच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. नौकाविहाराचा तलाव मात्र बारा महिने भरलेला हवा असतो. काठावर सावली हवी, बांधावरून गाडी जायला हवी, सोडलेले मासे वाहून जायला नकोत. यातली प्रत्येक हौस बांधाच्या मुळावर येते.

याचं सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतलं आहे. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क इथे श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकार क्लबच्या ताब्यात ७२ फूट उंचीचं मातीचं धरण होतं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून टाकले होते, क्लबने ते परत बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्या काटक्यांनी तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण वाहून गेलं. खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं दगावली. जॉर्जियातलं केली बार्न्स धरण त्यामानाने लहान. त्याच्यावरची वीजनिर्मिती बंद झाली आणि तलाव करमणुकीपुरता उरला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटलं आणि खालच्या टोकोआ फॉल्समध्ये ३९ जण गेले.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं. ते मातीचंच होतं. वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पाय रुततोय असं जेव्हा राखणदार सांगतो, तेव्हा चहा बाजूला ठेवून उठायचं, ते यासाठी.

स्वतः करायची तपासणी : खर्च दोन-तीन हजार रुपये

साहित्य : कोयता, पाच फुटी टोकदार काठी, काचेचे तीन-चार ग्लास, दहा लिटरची बादली, गवंड्याची पाण्याची नळी, रंगाचा डबा, वही आणि मोबाइल. वेळ अर्धा दिवस. आधी गवत कापून घ्या. गवताखालचं काहीच दिसत नाही.

*माथा.* पाण्याच्या पारदर्शक नळीने दर पाच मीटरवर माथ्याची पातळी घ्या. मध्यभाग कडांपेक्षा खाली बसला असेल, तर पाणी पहिल्यांदा तिथूनच ओसंडेल. माथ्याच्या लांबीला समांतर भेग दिसली, तर उतार घसरायच्या बेतात आहे का, ते पाहायला हवं. माथ्याला आडवी, तलावाकडून खालच्या अंगाला जाणारी भेग त्याहून वाईट, कारण तिच्यातून पाण्याला सरळ वाट मिळते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. काठी किती खोल जाते ते मोजा. हातभराहून जास्त गेली तर अभियंत्याला दाखवा.

*पाण्याकडची बाजू.* उतारावर रचलेले पिचिंगचे दगड सरकले आहेत का, लाटांनी माती खाऊन पायरी पडली आहे का, ते पाहा. पाण्यावर एकाच जागी भोवरा दिसला तर आत भोक पडलं आहे असंच समजा.

*खालची बाजू.* मे महिन्यात बांधावर एखादाच पट्टा हिरवागार असेल, तर तिथे आतून ओल आहे. फुगवटा, घसरलेली माती, पायथ्याला उकळल्यासारखं वर येणारं पाणी, या सगळ्याचे फोटो काढा. उंदीर, खेकडे, साळिंदर यांची बिळं मोजा. काठी घालून दिशा पाहा आणि रंगाने खूण करा.

*गळती.* दर वेळी त्याच जागी बादली धरा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर गळती मिनिटाला १५ लिटर. शेजारी तलावाची पातळी आणि पाऊस लिहा. पातळी तीच असताना गळती वाढली, तर ती धोक्याची खूण. ग्लासाची परीक्षा तर दर आठवड्याला करावी.

*पाइप.* बांधातून आरपार गेलेला पाइप हा सर्वांत नाजूक भाग. पाइपच्या बाहेरून, कडेने ओल येत असेल, तर ते पाणी माती धुऊन नेत असू शकतं. ही गोष्ट दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

*मातीची परीक्षा.* बांधाच्या मातीचा बोराएवढा कोरडा खडा शुद्ध पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम. खडा नुसता ढासळून बसला तर ठीक. न ढवळताही पाणी दुधाळ होत गेलं, तर ती माती पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी पसरणारी आहे. अशा मातीच्या बांधाची गळती किरकोळ समजू नये.

*सांडवा.* याला वेगळा परिच्छेद हवा.

सांडव्याचं गणित

आमच्या तलावात पाणी आणणारं क्षेत्र ५० हेक्टर आहे, हे नकाशावरून मोजलं. सह्याद्रीत तासाला १०० मिलिमीटरची सर अशक्य नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीचं ६० टक्के पाणी ओढ्यात आलं, तर सेकंदाला सुमारे ८,३०० लिटर पाणी तलावात येतं. भरलेल्या तलावात ते थोडं सामावतं, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेवढंच पाणी सांडव्यातून बाहेर पडायला हवं.

आमचा सांडवा ५ मीटर रुंद. हे पाणी त्यातून जाताना जवळजवळ ९९ सेंटिमीटर चढतं. बांधाचा माथा सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा दीड मीटर वर आहे, म्हणजे कागदावर आम्ही सुरक्षित होतो. पण होड्या होळीपर्यंत तरंगाव्यात म्हणून आमच्यातल्याच कुणीतरी उंबऱ्यावर दोन फूट वाळूची पोती रचली होती. उरले ९० सेंटिमीटर. चढणारं पाणी ९९ आणि जागा ९०. उरलेलं ९ सेंटिमीटर पाणी मातीच्या माथ्यावरून वाहिलं असतं, आणि मातीचा बांध माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही.

मासे अडवायला जाळीही लावली होती. पालापाचोळ्याने ती निम्मी तुंबली तर वाट उरते अडीच मीटर, आणि पाणी चढतं दीड मीटरहून वर. म्हणजे पोती नसती तरीही बांधावरून पाणी गेलं असतं. सांडवा साडेदहा मीटर रुंद केला, तर तेच पाणी ६० सेंटिमीटरमध्ये निघून जातं.

पोती आणि जाळी काढायला आम्हाला दोन माणसं आणि एक सकाळ लागली. मजुरी १,४०० रुपये. या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च हाच. तुमच्या सांडव्यात फळ्या, पोती, जाळी, झुडपं, पार्किंगचा भराव, काहीही असेल, तर लेख वाचून झाल्याबरोबर ते काढायला लागा.

तज्ज्ञ कधी बोलवायचा, त्याला काय द्यायचं?

इथून पुढचे दर आम्ही अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. जिल्ह्यागणिक आणि हंगामागणिक ते बदलतात, जीएसटी वेगळा. हिशेबाची रीत ठेवा आणि आपल्या तालुक्याचे दर त्यात घाला.

गढूळ गळती, आडवी भेग, उताराची घसरण, पाइपच्या कडेची ओल यातलं एकही दिसलं, तर अभियंता हवाच. काहीच दिसलं नाही तरी पावसाआधी एकदा आणि तलाव भरल्यावर एकदा तपासणी करून घ्या. मातीच्या धरणांचं काम केलेला माणूस शोधा. इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर त्याच्या कामात कितीही पटाईत असला, तरी ही विद्या वेगळी आहे. पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्यातले निवृत्त अभियंते आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे भू-तंत्र विभाग इथे चौकशी करा.

भेट आणि लेखी अहवाल : १५,००० रुपये धरा. अहवालात फोटो, मोजमापं आणि कामांचा अग्रक्रम असायलाच हवा. “बांध सुस्थितीत आहे” एवढ्या एका ओळीला पैसे देऊ नका.

बांध, सांडवा आणि तलावाची टोटल स्टेशन मोजणी : २५,००० रुपये.

बोअर आणि मातीच्या चाचण्या : १० मीटरचे दोन बोअर, मीटरला २,००० रुपयांनी ४०,०००, यंत्र आणण्या-नेण्याचे १५,०००, प्रयोगशाळेचे २०,०००, एकूण ७५,००० रुपये. हे काम माती परीक्षण करणाऱ्या संस्थेकडूनच करून घ्या. पाण्याच्या बोअरवेलची गाडी बांधावर कधीही चढवू नका. तिच्या दाबाच्या हवेने बांधाच्या पोटात भेगा पडू शकतात. बोअर झाल्यावर ते सिमेंट-बेंटोनाइटने भरून घेतल्याचं लेखी घ्या, नाहीतर तपासणीसाठी पाडलेलं भोकच गळतीची वाट होतं.

दुरुस्तीचा हिशेब

*गळतीवर गाळणीचा थर.* गळतीच्या तोंडावर चिकणमाती थापून ती बंद करावी, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. तसं केलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि आतला दाब वाढतो. योग्य उपाय उलटा आहे : पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी तळाला वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड. कोणती वाळू आणि किती बारीक खडी, हे अभियंत्याने बांधाच्या मातीवरून ठरवायचं. आमची जागा १० बाय ५ मीटर होती. वाळू ६ ब्रास, ५,००० दराने ३०,०००. खडी ६ ब्रास, ३,५०० दराने २१,०००. दगड ९ ब्रास, २,००० दराने १८,०००. जेसीबी १२ तास, १,३०० दराने १५,६००. मजुरी १८ माणसांची, ७०० दराने १२,६००. एकूण ९७,२०० रुपये.

*सांडवा रुंद करणं.* साडेपाच मीटर जादा रुंदी, दीड मीटर खोली, ३० मीटर लांबी, म्हणजे सुमारे २५० घनमीटर खोदाई. कठीण मुरमात जेसीबीचे २२ तास, २८,६०० रुपये. खडक लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. काँक्रीटचा उंबरा ५.६७ घनमीटर, ९,००० दराने सुमारे ५१,०००. पुढच्या उताराला १५७ चौरस मीटर दगडी पिचिंग, ९०० दराने १,४१,०००. एकूण सुमारे २,२१,००० रुपये. सांडव्याचं पाणी बांधाच्या पायथ्यावर पडणार नाही, अशी वाट त्याला करून द्यायला विसरू नका.

*झाडं.* बांधावर सावलीसाठी गुलमोहर आणि सुबाभूळ लावलेले असतात. झाड वाऱ्याने उन्मळलं तर मुळांसकट बांधाचा घास घेऊन जातं. वाळलं तर कुजलेल्या मुळांच्या नळ्या आत राहतात. अंगठ्याएवढी रोपं दर वर्षी मुळासकट काढा. मोठी झाडं मात्र घाईने तोडू नका. आधी तोडीची परवानगी, मग अभियंत्याचा सल्ला, मग पाणी उतरवून बुंधा काढणं आणि खड्डा थराथराने धुमसून भरणं, या क्रमाने जा. सावली तलावाच्या दुसऱ्या काठावर करा. बांधावर फक्त आखूड गवत राहू द्या.

*गाळ.* तलावातला गाळ शेतकऱ्यांना हवा असतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाटून घेता येतो. दोन पथ्यं पाळा. बांधाच्या पाण्याकडच्या पायथ्यालगत खोदू नका, तिथला गाळच गळती रोखून धरत असू शकतो. आणि तो गाळ बांधाची उंची वाढवायला वापरू नका.

ठेकेदाराशी बोलताना

भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या सैल थरांत, योग्य ओल देऊन, रोलरने दाबून व्हायला हवा. जेसीबीच्या बकेटने वरून थोपटणं म्हणजे दाबणं नव्हे. ओलीची साधी परीक्षा : मूठभर माती घट्ट आवळा. गोळा व्हायला हवा, पण हाताला पाणी सुटायला नको. दर थराची घनता कोअर कटरने मोजून, प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर घनतेच्या निदान ९५ टक्के भरली तरच पुढचा थर, ही अट करारात लिहा.

सगळ्यात जास्त फसवणूक मोजमापात होते. डंपरमधली सैल माती दाबली की आकसते, साधारण शंभर ब्रासची पंचाहत्तर-ऐंशी ब्रास भरते. “डंपरवर पैसे” असा करार केला तर पैसे सैल मातीचे जातात, आणि दाबण्याचा खर्च वाचवला की तेवढी ठेकेदाराची चांदी. पैसे दाबून झालेल्या भरावाच्या मोजणीवर द्या. दहा टक्के रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा. पहिला पाऊस येईल तेव्हा बांध अर्धा उकरलेला असता कामा नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं, आणि त्याची किंमत पुण्याने मोजली.

माती आली, धार वाढली : आता काय?

पहिल्यांदा फोन. खालच्या पहिल्या घराला, सरपंच आणि पोलीस पाटलांना, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर, किंवा ११२ वर. “उगाच घबराट नको” म्हणून थांबू नका. लोक वर चढून बसले आणि काहीच झालं नाही, तर आपण हात जोडून माफी मागू शकतो.

मग पाणी उतरवणं. तळाचा व्हॉल्व्ह असेल तर उघडा. तो वर्षातून दोनदा फिरवून पाहिलेला असेल, तरच त्या दिवशी फिरेल. व्हॉल्व्ह नसेल तर पंप. सेकंदाला २० लिटर उपसणारा पंप आमच्या तलावाचं वरचं एक मीटर पाणी उतरवायला, काठ उतरते धरूनही, साडेचार-पाच दिवस घेतो. म्हणून पंप कुठून मिळणार, किती मिळणार, डिझेल कोण आणणार, हे जूनमध्येच ठरवा. एरवी पाणी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त वेगाने उतरवू नका. आतून भिजलेला पाण्याकडचा उतार आधार गेल्यामुळे घसरतो. आणीबाणीत हा नियम अभियंत्याच्या सल्ल्याने मोडावा लागतो.

आमच्याकडे त्या ऑगस्टमध्ये तीन पंप लागले. खालच्या वस्तीतली माणसं पाच रात्री शाळेत झोपली. आमचे राखणदार तेवढ्या पाचही रात्री बॅटरी आणि ग्लास घेऊन पायथ्याशी बसून होते.

सगळा खर्च एका नजरेत

एकदाचा खर्च (आमच्या बांधाचा) :
– मोजणी : २५,०००
– बोअर आणि चाचण्या : ७५,०००
– गाळणीचा थर : ९७,०००
– सांडवा : २,२१,०००
– अनपेक्षित कामांसाठी १५ टक्के : सुमारे ६३,०००
– एकूण : सुमारे ४ लाख ८१ हजार. चौदा घरांत वाटून प्रत्येकी ३४,३०० च्या आसपास.

दर वर्षीचा खर्च :
– गवत-झुडपं, दोनदा : १६,८००
– अभियंत्याच्या दोन भेटी : ३०,०००
– बिळं बुजवणं, पिचिंग नीट करणं : २०,०००
– राखणदाराला पावसाळ्याचे चार महिने जादा फेरीचे : १२,०००
– वही, पातळीची पट्टी, किरकोळ : ३,०००
– एकूण : ८१,८००. प्रत्येकी वर्षाला ५,८००, म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांच्या आत.

हे परवडत नसेल तर? मग प्रामाणिक उपाय एकच आहे : सांडव्याचा उंबरा अभियंत्याकडून खाली घेऊन साठा कमी करायचा. तलाव लहान होईल, होड्या डिसेंबरमध्येच काठाला लागतील. पाण्याची उंची जितकी कमी, तितका बांधावरचा भार कमी आणि दुरुस्तीचा खर्चही कमी. आम्हीही तलाव अर्धा मीटर खाली ठेवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी मुलं हिरमुसली. आता जिथे पाणी हटलं तिथे चिखलपक्षी उतरतात आणि ती दुर्बीण घेऊन बसतात.

येत्या रविवारी करायचं काम

सांडव्यातलं जे काही असेल ते काढा. नळीने माथ्याची पातळी घ्या. पायथ्याशी ग्लास भरून अर्धा तास वाट पाहा. मग ओढ्याने खाली चालत जा आणि पहिल्या घराचं दार वाजवा. आम्ही ते केलं, तेव्हा आत एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. आम्ही वरच्या तलावाचे मालक, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बारा वर्सं झाली तळ्याला. कुनी आलं न्हवतं खाली.” त्यांच्या नातवाचा नंबर आम्ही घेतला, आमचे तीन नंबर त्यांच्या भिंतीवर लिहिले. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद तीच असते : खालच्या घरी फोन लावून पाहिला, लागला.